ॲव्हरेज किती देते?

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांपैकी 'ॲव्हरेज' या शब्दाचे नशीब मोठे चमत्कारिक आहे. शाळेच्या गणितात त्याचा अर्थ सरासरी. पण रस्त्यावर येताच त्याने हा मूळ अर्थ टाकून दिला आणि एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, एवढ्या एकाच गोष्टीपुरता तो उरला. नव्या जावयाला पगार विचारताना संकोचणारी माणसेसुद्धा परक्याच्या मोटारीजवळ उभी राहून "ॲव्हरेज किती देते?" असे बेधडक विचारतात. यातले 'देते' हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. म्हैस दूध देते, झाड आंबे देते, तशी मोटार ॲव्हरेज देते! जे काय मिळायचे ते देणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, घेणाऱ्याकडे त्यातले काहीच नाही, असा समज त्या एका क्रियापदात दडलेला आहे. गेले वर्षभर या समजाची उलटतपासणी करण्यात आमचे रविवार गेले. त्याचा हा वृत्तान्त.

आमची मोटार प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. इटलीच्या फियाट कंपनीची '११००' ही मूळ रचना. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव धारण करून हिंदुस्थानभर हिंडली. विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. इंजिन चार सिलिंडरांचे. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, सगळे मिळून १०८९ घन सेंटिमीटर. आणि ताकद जेमतेम चाळीस अश्वांची. वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९८६ साली ती एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याकडून विकत घेतली आणि इंदूरच्या रामबागेतील आमच्या दारात आणून उभी केली. त्या वेळी आम्ही महाविद्यालयात होतो.

नानांना हिशेबाची आवड होती. गाडीबरोबर त्यांनी एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली आणि पेट्रोलचा प्रत्येक थेंब तीत नोंदवला. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात प्रवासाचे कारण. 'उज्जैन. आत्याचे वर्षश्राद्ध.' 'स्टेशन. पुण्याची मंडळी.' 'महाराजा यशवंतराव रुग्णालय. तीन खेपा.' पहिल्या वर्षाचा त्यांचा आकडा लिटरमागे ११.९ किलोमीटर असा आहे. १९९७ साली इंजिनाचे काम निघाले, बोअर करून मोठे पिस्टन बसविले गेले. त्यानंतरचा आकडा ११ च्या आसपास घोटाळतो. २००३ च्या शेवटच्या पानांवर तो १०.२ आहे. २००४ च्या फेब्रुवारीत वही थांबते. कारण नानाच थांबले.

पुढे कित्येक वर्षे गाडी चालत राहिली आणि वही कपाटात राहिली. २०२१ साली टाळेबंदीच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर गाडी पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा ती वही आम्ही उघडली आणि पुढच्या कोऱ्या पानावर लिहू लागलो. त्या वर्षीचा आकडा ९.४ निघाला. २०२५ सालच्या पावसाळ्यात तो ८.६ वर आला आणि घरात सभा भरली.

या सभेचे तीन पक्ष होते. आमचे चिरंजीव पुण्यास मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता आहेत. त्यांचे म्हणणे असे, की हे म्हातारे इंजिन काढून आजच्या एखाद्या छोट्या गाडीचे इंजिन आत बसवावे. लिटरमागे सोळा किलोमीटर सहज पडतील. आमच्या सौ. चे मत अधिक सोपे होते : गाडीच काढावी. चार वर्षांनी आम्ही सेवानिवृत्त होऊ. निवृत्तिवेतनावर हा हत्ती कोण पोसणार? तिसरा पक्ष आमच्या मातोश्रींचा. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहून अधिक वयाचे आहेत. नव्या मोटारीत बसायचे म्हणजे एक तर खड्ड्यात उतरायचे, नाही तर माचावर चढायचे. पद्मिनीचे आसन त्यांना बरोबर घरच्या खुर्चीएवढे पडते. त्या एवढेच म्हणाल्या, "यांची गाडी आहे. चालते आहे तोवर मी तीतच बसेन."

शिक्षकाला सवय असते ती अशी, की पोर नापास झाले तर आधी उत्तरपत्रिका पाहावी, मग पोराला नवे आईबाप शोधावेत. आम्ही चिरंजीवांकडून सहा महिन्यांची मुदत मागून घेतली आणि गाडी उस्तादांकडे नेली. उस्तादांचे गॅरेज म्हणजे एक पत्र्याचे छप्पर आणि कडुनिंबाची सावली. पन्नास वर्षे ते फियाटचीच कामे करीत आले आहेत. आमचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले, स्पार्क प्लग काढून उन्हात धरला आणि म्हणाले, "मास्साब, इसको दवा नहीं, पहले परहेज चाहिए."

प्लगच्या टोकाचा रंग ही इंजिनाची जीभ आहे. फिकट तपकिरी असेल तर जेवण बरोबर चालले आहे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढराफटक असेल तर उलटे. आमचा प्लग पांढरा होता. म्हणजे गाडी पेट्रोल जास्त खात होती आणि तरीही उपाशी होती! हे कोडे सुटायला पेट्रोलच्या पंपापर्यंत जावे लागते. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. उसापासून, धान्यापासून होणाऱ्या या मद्यार्कामुळे परकीय चलन वाचते, शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते, हे खरे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोनतृतीयांशाइतकीच उष्णता असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात सहासात टक्के ॲव्हरेज जागच्या जागीच कमी होते. पण आमचे नुकसान त्याहून जास्त होते, आणि त्याचे कारण कार्बोरेटरच्या पोटात होते.

शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळण्यास १४.७ किलो हवा लागते; इथेनॉलच्या एका किलोस सुमारे ९ किलोच पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास हवा हवी. नव्या गाड्यांत धुराड्यात बसविलेला संवेदक धूर तपासतो आणि छोटा संगणक क्षणोक्षणी इंधनाचे माप बदलतो. आमच्या कार्बोरेटरला असे काही कळत नाही. पितळी जेटचे भोक जेवढे, तेवढेच इंधन. १९७९ साली जे प्रमाण ठरले तेच तो आजही इमाने राखतो. म्हणून नव्या इंधनावर त्याचे मिश्रण आठएक टक्क्यांनी हलके पडते. हलके मिश्रण सावकाश जळते, गाडी आचके देते. मग चालवणारा चोक अर्धा ओढतो, ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, आणि वाचवलेले इंधन दामदुपटीने परत जाते. काटकसर एका मर्यादेपलीकडे गेली, की ती उधळपट्टी होते. हा नियम संसारात आम्ही अनेकदा ऐकला होता, यंत्रात तो मोजून पाहता आला.

उस्तादांना आम्ही एकच अट घातली. एका वेळी एकच बदल करायचा, मग तीन टाक्या भरून मोजायचे, मग दुसरा. सुरुवातीला ते हसले. एका दिवसात चार कामे करणारे त्यांचे हात. त्यांना ही पद्धत म्हणजे मुंगीच्या पावलाची वाटली. पण चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला हे कोणालाच कळत नाही, हे आम्ही शिक्षणखात्याच्या योजनांत तीस वर्षे पाहत आलो आहोत.

मोजण्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीवर मूळचे टायर जाऊन रेडियल टायर आले होते आणि त्यांचा घेर थोडा लहान होता. चाक लहान झाले की तेवढ्याच रस्त्यात ते जास्त फेरे घेते, आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. उज्जैनच्या रस्त्यावर आम्ही किलोमीटरचे दगड मोजीत गेलो. मीटर शंभर दाखवी तेव्हा रस्ता सत्त्याण्णवच झालेला असे. म्हणजे नुसते टायर बदलल्याने एक थेंबही न वाचता ॲव्हरेज तीन टक्क्यांनी 'वाढते'! इंजिनात अमुक बदल केला आणि इतका फायदा झाला, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी दगड मोजले असतील, कोण जाणे. या लेखातील २०२१ पासूनचे सर्व आकडे आम्ही ही तूट वजा करून दिले आहेत.

पहिला बदल थर्मोस्टॅटचा. इंजिनातील पाणी सुमारे ऐंशी अंशांच्या वर तापेपर्यंत ही छोटी झडप त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आपल्याकडे गाडी तापण्याचे भय एवढे, की पुष्कळ मेकॅनिक ही झडप काढूनच टाकतात. आमची कधी काळी अशीच कोणी तरी काढली होती. परिणाम असा होतो, की रामबागेतून राजवाड्याला जाऊन आले तरी इंजिन पुरते तापतच नाही. थंड भिंतींवर पेट्रोलची वाफ गोठते, तेल घट्ट राहते. उस्तादांनी नवी झडप बसविली, रेडिएटर साफ केला. तीन टाक्यांनंतर आकडा ८.६ वरून ९.१ झाला.

दुसरा बदल ठिणगीच्या वेळेचा. मिश्रण पेटायला क्षणाचा सूक्ष्म अंश का होईना, पण वेळ लागतो. दोन सहस्रांश सेकंद धरले, तर मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा क्रँक तेवढ्यात ३६ अंश फिरलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी पडावी लागते, आणि किती आधी हे वेगावर व भारावर ठरते. ते ठरविणारी वजने व स्प्रिंगा डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात असतात. त्या गंजल्या होत्या. पॉइंट झिजले होते. उस्तादांनी सगळे सोडवून घासले, तेल दिले, पॉइंट बदलले. आकडा ९.९.

तिसरा बदल जेटचा. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात. आमच्या गाडीत ११५ चा जेट होता. १२० चा बसविला तर व्यास चारच टक्के वाढतो, पण भोकाचे क्षेत्रफळ, म्हणून इंधनही, नऊ टक्के वाढते. इथे इंदूरचा भूगोल मदतीला आला. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येथली हवा मुंबईपेक्षा पाचएक टक्क्यांनी विरळ. कार्बोरेटरमधील प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळावर बदलते. म्हणून मुंबईस बरोबर असलेले मिश्रण माळव्यात आपोआप अडीच टक्क्यांनी दाट होते. आठाची तूट, पैकी अडीच पठाराने भरून काढली. उरलेल्यास मधला, ११७.५ चा जेट पुरेल, असे आमचे कागदावरचे उत्तर. उस्तादांनी कागद पाहिलाच नाही. त्यांनी तीन जेट बदलून गाडी तीनदा चालवली, प्लग पाहिले आणि हातात ठेवला तो ११७.५ चाच. शाळेत आम्ही पुष्कळ गणिते सोडविली. फळ्याबाहेर उत्तर जुळल्याचा आनंद असा क्वचितच मिळाला. आकडा १०.४. त्याच वेळी इथेनॉलने फुगलेल्या जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा बदलून नव्या प्रकारचे बसविले. हे ॲव्हरेजसाठी नव्हे, आग लागू नये म्हणून.

चौथा बदल इंजिनाबाहेरचा. मागचे एक ब्रेक किंचित धरून राहात होते. गाडी ढकलताना ते हाताला कळे. ते मोकळे केले आणि टायरमधली हवा दर रविवारी पाहण्याचे व्रत घेतले. आकडा ११.

नानांचे ११.९ काही आले नाहीत. इथेनॉलचे सहासात टक्के त्यांच्या वेळी नव्हते; तेवढे मिळवले तर जवळजवळ तेथेच येतो. सगळ्या कामांचा खर्च अकरा हजारांच्या आत राहिला.

आता चिरंजीवांच्या सूचनेकडे वळू. त्यांची बाजू पोकळ नाही. प्रत्यक्ष हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडरला डिझेल इंजिन दिले आणि पुढे १९९० नंतर इसुझू कंपनीचे १८०० घन सेंटिमीटरचे इंजिन पाच गतींच्या गिअरबॉक्ससह बसविले. म्हणजे जुन्या कुडीत नवा प्राण घालण्याचा प्रयोग खुद्द कारखानदारांनीच केला. काटकसरीच्या नावाने मालकांनीही काय काय केले नाही! शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीसाठी फियाटी तयार होत, त्यांना दोन कार्बोरेटर आणि तीव्र कॅमशाफ्ट असत. त्यांची नक्कल करून घरगुती गाडीची भूक वाढविलेले लोक आम्ही पाहिले आहेत. तसला कॅम वरच्या वेगात श्वास मोकळा करतो, पण शहरातल्या संथ चालीत अर्धवट मिश्रण धुराड्यातून बाहेर सोडतो. काहींनी हेड घासून दाब वाढविला. दाबाचे प्रमाण साडेसातावरून साडेआठावर नेले तर पुस्तकी हिशेबाने कार्यक्षमता सुमारे चार टक्के वाढते, आणि आजच्या साध्या पेट्रोलला तो दाब सोसतोही. आमच्या गाडीपुरते बोलायचे तर वर्षाला दहा लिटर वाचतील. पण घासलेले हेड पुन्हा वाढत नाही. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्याला ते परवडले. आमच्या डिकीत पन्नास-साठ किलोची टाकी ठेवून, वायूमुळे आधीच चाळीस असलेल्या अश्वांतले चारपाच गमावून, मानपूरच्या घाटातून मातोश्रींना महेश्वराहून वर आणणे आम्हांला धाडसाचे वाटले.

राहिले ते नवे इंजिन. त्याचा हिशेब आम्ही चिरंजीवांबरोबर बसूनच केला. आमची गाडी वर्षाला सुमारे तीन हजार किलोमीटर चालते. लिटरला ८.६ पडत होते तेव्हा ३४९ लिटर लागत. आता ११ पडतात तेव्हा २७३ लागतात. म्हणजे उस्तादांनी वर्षाचे ७६ लिटर वाचविले. सोळा पडले तर १८८ लिटर पुरतील. आणखी ८५ लिटर वाचतील. लिटरचे १०५ रुपये धरले तर उस्तादांची बचत वर्षाला आठ हजारांची आणि नव्या इंजिनाची नऊ हजारांची. उस्तादांना दिले अकरा हजार. नव्या इंजिनास, बसविण्यासह, सव्वा लाखाच्या आसपास लागतील असा अंदाज मिळाला होता. एक दीड वर्षात फिटते, दुसऱ्यास चौदा वर्षे हवीत. तेव्हा आम्ही बहात्तरांचे असू.

ॲव्हरेजच्या आकड्यात एक फसवणूक दडलेली असते, ती येथे उघड होते. ८.६ वरून ११ म्हणजे अडीचही नाहीत. ११ वरून १६ म्हणजे पाच. ऐकणाऱ्याला दुसरी उडी दुप्पट वाटते. लिटरांत मोजली तर दोन्ही जवळजवळ सारख्या. तसेच शहरात १० आणि उज्जैनच्या रस्त्यावर १५ पडले, तर दोन्हीकडे साठ-साठ किलोमीटर गेल्यावर सरासरी साडेबारा नव्हे, बाराच येते. कारण सहा आणि चार मिळून दहा लिटर जळतात आणि रस्ता एकशेवीसचा होतो. गाडीबद्दल किलोमीटर विचारण्याऐवजी 'शंभर किलोमीटरला किती लिटर?' असे विचारण्याची युरोपातील रीत अधिक प्रामाणिक आहे, असे आता आम्ही आठवीच्या वर्गात सांगतो.

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या. इंजिनाची ताकद दीडपट होईल, पण थांबविणारे ब्रेक चारही चाकांना जुने ड्रमचेच राहतील. धावणे सुधारले आणि थांबणे तेच राहिले, तर त्यास सुधारणा म्हणवत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीतील तपशील मनास येईल तसे बदलता येत नाहीत. इंजिन बदलावयाचे तर आधी परवानगी. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंद सुरू केली. सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असल्यास ती मिळत नाही. आमची गाडी २०२९ साली पन्नाशी गाठेल. इंजिन बदलले तर तो दरवाजा कायमचा बंद.

पण त्या दरवाजातून आत जायचे काय, हाही प्रश्नच आहे. व्हिंटेज नोंदीची गाडी नित्याच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच तिला रस्त्याची मुभा. नानांची वही शेवटच्या रकान्यासह आम्ही पुन्हा वाचली. अठरा वर्षांत प्रदर्शनाची नोंद एकही नाही. बाळंतपणे आहेत, बदल्या आहेत, एका पानावर 'शेजारी. रात्री दोन. रक्त हवे' एवढेच आहे. जिच्या खात्यावर हे सारे जमा आहे, तिला मखरात बसविणे आम्हांस जड गेले. आमचा निर्णय ठरला तो असा : इंजिन मूळचेच ठेवायचे, नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करीत राहायचे आणि मातोश्रींना खुर्चीएवढ्या उंचीचे आसन आहे तोवर गाडी वापरात ठेवायची. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क दहा हजार झाले. ते जड आहे. पाच वर्षांत विभागले की वर्षाचे दोन हजार पडतात. उस्तादांनी वाचविलेल्या आठांतून ते भागते. उरलेले सौ. च्या हाती द्यावयाचे, असे ठरल्यावर त्यांचा विरोध बराच सौम्य झाला. 'व्हिंटेज'चे काय करायचे, ते आमच्यामागे चिरंजीवांनी ठरवावे. त्यांच्या वाटचा निर्णय आज आम्ही कापून टाकलेला नाही, एवढेच.

यातून आम्हांस एक नियम मिळाला, तो जुन्या गाडीच्या इतर मालकांसाठी लिहून ठेवतो. जो बदल एका दुपारी उलटवता येतो, तो खुशाल करून पाहावा : जेट, थर्मोस्टॅट, पॉइंट, टायरची हवा. ज्याला करवत, वेल्डिंग किंवा घासणे लागते, त्यापूर्वी वर्षाचे लिटर मांडावेत, वर्षाचे किलोमीटर मांडावेत आणि त्या रकमेस किती वर्षे हवीत ते पाहावे. बहुतेक वेळी उत्तर मालकाच्या वयातच सापडते.

चिरंजीव हिरमुसतील असे वाटले होते. पण अभियंत्याचे मन हिशेबाशी भांडत नाही. दिवाळीस ते आले ते हातात एक छोटी डबी घेऊन. पॉइंटच्या जागी बसणारा चुंबकी संच; डिस्ट्रिब्यूटरला भोक पाडावे लागत नाही आणि जुने पॉइंट कागदात गुंडाळून डिकीत ठेवता येतात. झिजायला त्यात काही नसल्याने ठिणगीची वेळ हलत नाही, असे त्यांचे म्हणणे. उस्तादांनी डबी उलटसुलट पाहिली, "ये भी देख लेते हैं" म्हणाले आणि पाऊण तासात बसवून दिली. भाऊबीजेला चिरंजीव आजीला घेऊन देवासला आत्याकडे जाऊन आले आणि पंपावरून परतल्यावर लाल वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले : '११.२. देवास. आजी पुढच्या सीटवर.' दोन दशांशांनी आकडा वाढला म्हणून त्यांनी आम्हांस हाक मारली. आम्ही त्यांस सांगितले, की दोन दशांश टायरच्या हवेनेही पडतात. अजून दोन टाक्या होऊ द्या, मग बोलू.